ऑल व्हील ड्राइव्ह घेतली की हिवाळ्याची काळजी मिटली? थांबा जरा

टोरांटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन या पट्ट्यातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर थंडी जवळ आली की एक मेसेज फिरायला लागतो. नव्याने कॅनडात आलेल्यांना गाडी कोणती घ्यावी याचा सल्ला. मजकूर थोडक्यात असा: स्नोमध्ये एसयूव्हीच हवी, तीही ऑल व्हील ड्राइव्ह; ती असली की विंटर टायरचा खर्च वाचतो; जड गाडी घसरत नाही; छोटी सेदान घेतलीत तर जानेवारीत रस्त्याकडेला अडकाल; इलेक्ट्रिकच्या नादी लागू नका; आणि जुनी गाडी म्हणजे मीठ खाल्लेला सांगाडा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच आहे. पण या सल्ल्यापायी भाड्याच्या बेसमेंटमध्ये राहणारी, क्रेडिट हिस्टरीचा अजून पत्ता नसलेली माणसं सात-सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतात, आणि एवढ्या महागड्या गाडीवर टायर मात्र शोरूममधून आलेले ऑल सीझनच ठेवतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला आणि सगळ्यात मोठा मुद्दा ऑल व्हील ड्राइव्हचा. यात इंजिनाची ताकद दोनऐवजी चारही चाकांना मिळते. ड्राइव्हवेच्या चढावरून बाहेर पडताना किंवा सिग्नल सुटल्यावर जागेवरून निघताना याचा फायदा होतो, आणि चांगला होतो. पण ब्रेक? ते बाजारातल्या सगळ्यात स्वस्त गाडीलाही चारही चाकांनाच असतात. ब्रेक दाबला की इंजिन किती चाकं फिरवत होतं याला काडीचा अर्थ उरत नाही. आणि शहरात स्नोच्या दिवशी धडका कशाने होतात? सिग्नलपाशी, फोर-वे स्टॉपपाशी (चारही बाजूंनी थांबायची पाटी असलेल्या चौकात), पुढच्याच्या मागे वेळेत थांबता न आल्याने. त्यावर उपाय म्हणून ऑल व्हील ड्राइव्ह घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

उलट तिचा एक छुपा तोटा आहे, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी निसरड्या रस्त्यावर निघताना पुढची चाकं जरा फिरवते, डॅशबोर्डवरचा घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकतो, आणि आपण सावध होतो. ऑल व्हील ड्राइव्ह त्याच रस्त्यावर काही झालंच नाही अशी सुटते. रस्ता किती वाईट आहे हे चालवणाऱ्याला कळतं ते थेट ब्रेक मारल्यावर.

‘जड गाडी घसरत नाही’ या वाक्याला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरेसं आहे. ताशी ५० किलोमीटर वेगात चाललेली गाडी घ्या. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला, तर ब्रेक लागल्यापासून ती साधारण १४ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या स्नोवर तोच आकडा ०.२ धरा, अंतर ४९ मीटर होतं. चकचकीत बर्फावर ०.१ धरलात तर ९८. गणित ढोबळ आहे, प्रत्यक्षात टायरनुसार आकडे हलतात. पण या सूत्रात गाडीचं वजन कुठेच उरत नाही, दोन्ही बाजूंनी कटून जातं. जड गाडीला टायरवर जास्त भार मिळतो हे खरं, आणि थांबवायला तितकंच जास्त वस्तुमान असतं हेही खरं. वर एसयूव्हीचा गुरुत्वमध्य उंच, त्यामुळे वळणावर ती सेदानपेक्षा अधिक कलते. स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) मदतीला असतो, पण तो कॅनडात सप्टेंबर २०११ पासून नव्या सगळ्याच प्रवासी गाड्यांना सक्तीचा आहे. त्यासाठी एसयूव्हीचे पैसे मोजायला नकोत.

आता टायर. खरा विषय हाच आहे. ऑल सीझन टायरचं रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातं आणि रस्ता पकडेनासं होतं. म्हणजे स्नो पडायच्या कितीतरी आधी, नोव्हेंबरातल्या कोरड्या थंड सकाळीसुद्धा. विंटर टायरचं रबर मुळातच मऊ असतं, थंडीतही लवचिक राहतं, आणि त्याच्या ठोकळ्यांवर बारीक नागमोडी चिरा असतात, त्या स्नोला धरतात. शेवाळलेल्या अंगणात गुळगुळीत चपलेने चालणारा माणूस दोन पायांवर असो की हात टेकून चार पायांवर, पडायचा तो पडतोच.

दुकानात गेलात की टायरच्या बाजूच्या भिंतीवर वाकून बघा. ‘एम प्लस एस’ एवढंच लिहिलेलं असेल तर ती फक्त नक्षीच्या रचनेची खूण आहे; तेवढ्यासाठी त्या टायरची स्नोमध्ये परीक्षा झालेली असावी लागत नाही. शोधायचं ते तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असलेलं चित्र. तिथेच डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे सापडतील. ३५१९ असेल तर टायर २०१९ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेला. जुन्या बाजारातून ‘फक्त एक सीझन वापरलेले’ टायर घेताना हे चार आकडे विक्रेत्यापेक्षा खरं बोलतात. खाचांची खोली ४ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर ते टायर स्नोवर वापरू नका, असं ट्रान्सपोर्ट कॅनडा हे केंद्र सरकारचं वाहतूक खातंही सांगतं.

काटकसर म्हणून फक्त पुढच्या चाकांना दोन विंटर टायर बसवणारेही बरेच भेटतात. तसं मुळीच करू नका. पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सोडतात, आणि वळणावर ब्रेक लागला की गाडीची शेपटी पुढे यायला बघते. घ्यायचे तर चारही.

‘विंटर टायर ही दुकानदारांची लूट आहे’ असं कुणी म्हणालं तर त्याला शेजारचा क्वेबेक प्रांत दाखवा. तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने सक्तीचे आहेत. तिथल्या माँट्रियल शहरात टोरांटोच्या जवळजवळ दुप्पट स्नो पडतो, रस्ते अरुंद, गाड्या रस्त्यावरच उभ्या, आणि तरी तिथे छोट्या हॅचबॅक खुशाल फिरतात. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टॅरिओत सक्ती नाही, पण विंटर टायर लावलेत तर विमा कंपनीने प्रीमियममध्ये सवलत दिलीच पाहिजे, असा नियम २०१६ पासून आहे. टक्केवारी कंपनीप्रमाणे बदलते. ही सवलत आपण होऊन मागावी लागते. फोन करून मागा. आणि विंटर टायर रस्त्यावर असतात तेव्हा ऑल सीझन गॅरेजमध्ये पडून असतात, झिजत नाहीत, हेही हिशोबात धरा.

रस्त्याकडेला अडकण्याच्या भीतीत थोडं तथ्य आहे. पहाटे प्लाऊ (रस्त्यावरचा स्नो बाजूला ढकलणारी गाडी) येऊन गेला की तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी स्नोचा घट्ट बांध पडतो, आणि तो ओलांडायला सेदानपेक्षा उंच गाडी बरी. पण शव्हल घेऊन तो फोडता येतो, शेजाऱ्याशी ओळखही होते. शहरातले मुख्य रस्ते लवकर साफ होतात. खरोखरच मोठं वादळ आलं तर गोष्ट वेगळी. १९९९ च्या जानेवारीत टोरांटोचे महापौर मेल लास्टमन यांनी चक्क लष्कर बोलावलं होतं आणि उरलेला कॅनडा त्यावरून अजून टोरांटोची टिंगल करतो. अशा दिवशी कुठलीच गाडी बाहेर काढायची नसते, एसयूव्हीसुद्धा.

इलेक्ट्रिकबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. कडाक्याच्या थंडीत रेंज घटते, कारण बॅटरी सुस्तावते आणि केबिनची ऊबही तिच्यातूनच येते. पण नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ इलेक्ट्रिक होत्या, आणि नॉर्वे काही कोकणात नाही. रोज तीस-चाळीस किलोमीटर जाणाऱ्याला घटलेली रेंजही पुरून उरते. हीट पंप (कमी विजेत केबिन गरम करणारी यंत्रणा) असलेली गाडी घ्या आणि ती चार्जरला लावलेली असतानाच गरम करा. बर्फावर रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, म्हणजे पाय काढला की मोटरच गाडी धीमी करून बॅटरी भरते ती सोय, कमीवर ठेवा, नाहीतर नुसता पाय काढल्यावरही चाक घसरू शकतं. तुम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत असाल आणि पार्किंगला प्लग नसेल तर मात्र इलेक्ट्रिक नको. त्याचं कारण थंडी नव्हे, प्लग.

जुनी गाडी? रस्त्यावरचं मीठ लोखंड खातं, यात वाद नाही. पण सगळ्याच जुन्या गाड्या सारख्या खाल्लेल्या नसतात. टॉर्च घेऊन जा, गुडघ्यावर बसा आणि दारांच्या खालची पट्टी, चाकांच्या वरच्या कमानी बघा. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी किंवा तांबेरा आहे का ते बघा. ब्रेकच्या तेलाच्या नळ्या मेकॅनिकलाच दाखवा, तिथे हयगय नको. ऑन्टॅरिओत खासगी विक्रेत्याने ‘युज्ड व्हेइकल इन्फर्मेशन पॅकेज’ (त्या जुन्या गाडीची सरकारी माहितीपत्रिका) द्यायचं असतं, ते मागून घ्या. पत्रा चांगला निघाला तर दरवर्षी शरद ऋतूत खालून तेलाचा फवारा मारून घ्या.

मग ऑल व्हील ड्राइव्ह कुणी घ्यावी? पहाटे चारला, प्लाऊ यायच्या आधी ड्यूटीवर निघणाऱ्या नर्सने घ्यावी. शहराबाहेर कच्च्या रस्त्यावर राहणाऱ्याने, तीव्र उताराच्या ड्राइव्हवेवाल्याने, दर शनिवारी स्कीइंगला जाणाऱ्याने घ्यावी. विंटर टायरसकट घ्यावी. बाकीच्यांनी व्हेरियंट निवडतानाच टायरचा आकार वाचावा. वरच्या मॉडेलला १९ किंवा २० इंची चकाचक रिम येतात, आणि त्या आकाराचा प्रत्येक विंटर टायर १६ इंचीपेक्षा खूपच महाग पडतो. २०५/५५ आर १६ सारखा सर्रास मिळणारा आकार असेल तर निवड मोठी आणि भाव कमी. शिवाय अरुंद टायर स्नो चिरून खालपर्यंत जातो, रुंद टायर वर तरंगतो. डीलरशी सौदा करताना फ्लोअर मॅटवर घासाघीस करण्याऐवजी साध्या स्टीलच्या रिमवर चढवलेले चार विंटर टायर त्याच किमतीत मागा. आणि बसवण्याची अपॉइंटमेंट ऑक्टोबरातच घ्या, पहिला स्नो पडल्यावर गॅरेजवाले फोनही उचलत नाहीत.