गाडी भिजू दे, कव्हर सांभाळ

वडगाव-शहापूर भागातली जुनी घरं बांधणाऱ्यांनी आधी मागाची सोय बघितली, मग माणसांची. रस्त्याकडच्या सोप्यात माग, त्यावर उजेड पडावा म्हणून खिडकी, आणि राहिलेल्या जागेत ज्याने त्याने आपापलं अंथरूण टाकायचं. आमचं घर त्यातलंच. ज्या सोप्यात आजोबांनी शहापुरी साड्या विणल्या तिथे आता सोफा आणि टीव्ही आहे, आणि पावसाळाभर उभ्या-आडव्या दोऱ्यांवर न वाळणारे कपडे आहेत. चारचाकीचा विचार काही आजोबांच्या मनाला शिवला नव्हता. त्यामुळे आमची गाडी पायरी आणि गटार यांच्यामधल्या पट्टीत बारा महिने उघड्यावर उभी असते.

उघड्यावर म्हणजे बेळगावच्या उघड्यावर. साधारण 750 मीटर उंचीवरचं हे गाव सह्याद्रीच्या पाठीला टेकून बसलेलं. पश्चिमेला जांबोटी ओलांडून कणकुंबीला पोचलं की पाऊस हजारांत मोजतात. पूर्वेला त्याच जिल्ह्यातल्या अथणीला वर्षाकाठी 500-600 मिलिमीटर मिळाला तरी शेतकरी समाधानी. आम्ही दोघांच्या मधे, त्यामुळे दोन्हीकडचं हवामान आळीपाळीने आमच्या गल्लीत मुक्कामाला येतं. एप्रिलात अथणी, जुलैत कणकुंबी. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या गाड्या आत लागत असणार.

गाडी पाडव्याला आली. मुहूर्त गाठला, ऋतू नाही. बाहेर पारा 36 वर असला की बंद काचांच्या आत तो आरामात 50 ओलांडतो. स्टिअरिंग फडक्यात धरून चालवायचं. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती डिंक मऊ होऊन हळूहळू फिरत गेला आणि मे उजाडेपर्यंत त्याने माझ्याकडे पाठ केली. काचेला टेकलेलं वायपरचं रबर उन्हात कडक होतं, तेव्हा वायपर उभे करून ठेवा, असं मेकॅनिकने सांगितलं. उभे केले. जाता-येता गल्लीतली पोरं त्यांना टाळ्या द्यायला लागली.

मग वळीव. आमच्याकडे शिवजयंती वैशाखात. चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, आणि त्याच सुमाराला आभाळातही ढगांचे रथ निघतात. अशाच एका संध्याकाळी उजेड पिवळट झाला, वारं सुटलं आणि कुणीतरी "गारा!" म्हणून ओरडलं. गार टपावर बसली की पोचा पडतो, हे आईला कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण तिने बघता बघता घरातल्या सगळ्या वाकळा बाहेर काढल्या. आजीच्या जुन्या लुगड्यांच्या, चांगल्या सात-आठ पदरी वाकळा. दोन टपावर, एक बॉनेटवर, एक डिकीवर. गारा आल्या, बोराएवढ्या, आणि थोड्या वेळात संपल्या. नंतर पाऊस मात्र निवांत पडला. गाडीवर एक ओरखडा नाही. वाकळा उचलायला शेजारचे दोघे बोलवावे लागले. त्या वाळेपर्यंत मृग उजाडला, आणि मृगात काही वाळत नाही. तोवर आम्ही सतरंजीवर.

"गाडीला तिचं स्वतःचं पांघरूण आणा," असं घरातून सांगण्यात आलं.

दुकानात दोन प्रकार होते. एक चकचकीत, मेणकापडासारखं. दुसरं मळकट करड्या रंगाचं आणि महाग. मी अर्थातच चकचकीतला हात घातला, तर दुकानदारानेच अडवलं. "ह्यात पाणी आत जात न्हाई की ओ, खरं आतलं बी भाईर येत न्हाई. इंजिनाची ऊब, जमिनीची ओल, सगळं आतच घाम होऊन बसतंय. सीटला बुरशी येती, रंगाला फोड येतात." महागडं कव्हर म्हणे श्वास घेतं. गाडीच्या हप्त्यांनी माझा श्वास अडकला होता, तेव्हा घरात कुणीतरी तो घ्यावा म्हणून तेच आणलं.

तात्यांचं अख्खं आयुष्य मागावर गेलेलं. घरात नवं कापड आलं की ते आधी तात्यांच्या बोटांतून जातं. पडदे असोत नाहीतर नातवाचं गणवेशाचं कापड. त्यांनी कव्हरची कड चिमटीत धरली, चुरगळली, खिडकीच्या उजेडात धरली, सुटलेला धागा शोधला. तो काही मिळेना.

"ह्याला ताणा कुठाय? बाणा कुठाय?"

नव्हताच. ही कव्हरं विणत नाहीत. पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू एकावर एक अंथरून उष्णतेने दाबतात. असे तीन-चार थर, त्यातल्या मधल्या थराला इतकी बारीक भोकं की वाफ बाहेर निघते पण पाण्याचा थेंब आत शिरत नाही. हे सगळं मी तात्यांना समजावून सांगितलं.

"म्हणजे इनलेलं न्हवं, चेपलेलं." तात्यांनी कड खाली सोडली. "चेपून पापड व्हतोय, कापड न्हाई."

तिथून पुढे आमच्या घरात त्या वस्तूचं नाव पापड पडलं.

पापड घालायचे नियम असतात. पहिला नियम, मळक्या गाडीवर तो घालायचा नाही. कापड आणि रंग यांच्यामधे धूळ अडकली आणि वाऱ्याने कव्हर हललं की तीच धूळ सँडपेपरचं काम करते. म्हणजे घालण्याआधी गाडी धुवायची. आमच्या पश्चिमेकडच्या रस्त्यांची तांबडी माती पावसाळ्यात दारांच्या हँडलपर्यंत चढते, तेव्हा रोज धुवायची. संध्याकाळी कामावरून आलो की एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पाइप, अशा अवस्थेत मी धो-धो पावसात गाडी धुवायचो. समोरच्या काकू दारात येऊन बघायच्या. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "काय ओ, पाऊस कमी पडालाय काय?"

धुतलेली गाडी पुसून कोरडी करायची, हा दुसरा नियम. तो मी सोडून दिला. जुलैत इथे टॉवेल वाळत नाही.

तिसरा नियम सगळ्यांत जाचक. ओलं कव्हर घडी घालून ठेवायचं नाही, त्याला बुरशी येते. सकाळी कामाला निघताना रात्रभर भिजलेलं, पाच मीटर लांबीचं, कडांतून पाणी गाळणारं कव्हर ओढून काढलं, की ते ठेवायचं कुठे? डिकीत नको, गॅलरी नाही, गच्चीवर पाऊस. मग सोपा. तुळईला आजोबांच्या वेळचे लोखंडी कडे अजून आहेत. त्यांत दोर ओवून कव्हर टांगलं, आणि सोप्याच्या मधोमध आमच्या गाडीचा हुबेहूब आकार अधांतरी लोंबायला लागला. आरशांसाठी शिवलेले दोन खिसे हत्तीच्या कानांसारखे हलायचे. टीव्ही पलीकडे गेला. बातम्या बघायच्या तर खालून वाकून आत शिरायचं. पावसाळाभर आमचं कुटुंब संध्याकाळी सातला गाडीत बसल्यासारखं कव्हरच्या आत बसून असायचं, तात्या पुढे, बाकीचे मागे.

फॅन त्याच्यावर वळला. फॅनने भागेना तेव्हा आईने बाळंतिणीची धुरी द्यायची जुनी शेगडी शोधून काढली. पाहुणे आले की आधी कव्हर बाजूला घ्यायचं आणि मग पाहुण्यांना बसवायचं. एवढं करूनही एखाद्या झडीच्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत वाळायचंच नाही, आणि ओलं कव्हर धुतलेल्या गाडीवर कुठे घाला, म्हणून ते रात्री फॅनखाली आणि गाडी बाहेर पावसात. "अहो, भिजायचं काम तिच्याकडे आणि कौतुक याचं?" असं बायकोने विचारलं. आई त्याच्या पुढे गेली होती. ऑगस्टात जरा उघडीप पडली म्हणून कव्हर उन्हाला टाकलं होतं, तेवढ्यात सर आली. आईने पायरीवरून अशी हाळी दिली की अर्धी गल्ली बाहेर आली: "अरे पाऊस आला, गाडीवरचं कव्हर काढा!"

श्रावणात गाडी सुरू होईना. मेकॅनिकने बॉनेट उघडलं. बॅटरीच्या मागे चिंध्या, शेंगांची टरफलं आणि वायरीचे कुरतडलेले तुकडे, असा नीट मांडलेला संसार होता. उंदरांना कोरडी, उबदार आणि वरून झाकलेली जागा लागते. अशी जागा त्या हंगामात सगळ्या गल्लीत एकच होती, आणि तिच्यासाठी पैसे मी मोजले होते.

बायकोचं माहेर निपाणीचं. निपाणीला कुठल्याही दुखण्यावर पहिला उपाय तंबाखू. मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, काळजी करू नका, पानं पाठवतो. वासाने उंदीर फिरकत नाही." पानं म्हणजे चांगली पिशवीभर आली. ती कापडात बांधून, इंजिनाच्या गरम भागापासून लांब, कोपऱ्याकोपऱ्यात ठेवली. वारा सोडला की गाडीत विडीच्या कारखान्याचा वास. उद्यमबागेत माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने मला लिफ्ट मागणं सोडलं. उंदीर खरंच कमी झाले, पण तंबाखूही कमी व्हायला लागली. पुरचुंडी रोज थोडी सैल. उंदीरच तंबाखू नेत असणार, अशी माझी समजूत होती. मी ती जेवताना बोलून दाखवली.

"उंदराला चुना लागत न्हाई," आई म्हणाली.

तात्या भाकरी मोडत राहिले.

गणपतीत गल्लीत मांडव पडतो. वर्षातून तेवढेच दिवस आमच्या दारावर छप्पर येतं आणि नेमकी तेव्हाच गाडी तिथून हलवावी लागते.

पावसाळा गेला म्हणून हुश्श करावं, तर पौषापासून शेजारच्या आंब्याला मोहोर. झाड त्यांच्या आवारात, फांदी आमच्या गाडीवर. मोहोरावरचे तुडतुडे रस शोषतात आणि राहिलेलं साखरपाणी खाली सोडतात. ते गाडीवर पसरतं, त्यावर काळी बुरशी धरते, आणि पांढऱ्या गाडीला चुलीतून काढल्यासारखी कळा येते. त्यात कावळे. पाखरांच्या विष्ठेतलं आम्ल वरच्या पारदर्शक थराला खातं, ऊन लागलं की आणखी लवकर, तेव्हा दिसल्याबरोबर ओल्या फडक्याने भिजवून उचलायची, खरवडायची नाही. शेजारच्यांना फांदीबद्दल बोललो. ते भले गृहस्थ. म्हणाले, "खरं आहे ओ तुमचं. आंबे लागले की पयला वाटा तुमचाच." लागले. वाटा आला, चार कैऱ्या. त्यांतली एक आधीच वरून थेट बॉनेटवर पोचली होती.

शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की पत्र्याचं शेड पाहिजे. दोन खांब गटाराच्या अलीकडे, दोन भिंतीत, वर पत्रा. वेल्डिंगवाला आला तो ऐन पावसात. टेप लावून मापं घेतली, खडूने भिंतीवर आकडे लिहिले, चहा घेतला. कधी करायचं विचारलं तर "नाळे माडोणरी" म्हणाला. सीमाभागात नाळे म्हणजे उद्या हे लहान पोराला कळतं, आणि तो उद्या येत नाही हेही. दुसऱ्यांदा गाठला तेव्हा त्याने कारण दिलं. ओल्यात वेल्डिंग केलं की शॉक बसतो, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर तो खानापूरकडच्या गावी भातकापणीला. सुगी आटपून आला तर लग्नसराईचे मांडव. त्या मांडवांचे खांब त्याचेच. फाल्गुनात परत आला तेव्हा भिंतीवरचे खडूचे आकडे पुसून गेले होते. त्याने पुन्हा टेप लावली, पुन्हा चहा घेतला.

"आता उन्हात पत्रा लई तापतोय ओ. वळीव येऊन जाऊदे एक, जरा गार झालं की घालूया."

अॅडव्हान्स घेतला. दारातून वळला आणि सोप्यात तुळईला बांधून ठेवलेल्या कव्हरकडे त्याची नजर गेली. माझं वेल्डिंग मशीन उघड्यावर आहे, म्हणाला. वळवाचं काही सांगता येत नाही. शेड होईपर्यंत ते कव्हर दिलंत तर बरं होईल.

मी काही बोलायच्या आत तात्या उठले. दोर सोडला, पापड खाली घेतला, विणकराने नवं लुगडं गिऱ्हाइकाला द्यावं तशी काठाला काठ जुळवून घडी घातली आणि त्याच्या हातात ठेवली.

"ने. खरं भिजवू नको."