फ्रिज घरघरतोय म्हणून गॅस भरू नका

ऊन तापायला लागलं की जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: फ्रिजचा आवाज वाढला म्हणजे गॅस संपत आला. आतून बुडबुड ऐकू आली म्हणजे पाइपला भोक पडलं. फ्रिज बंदच होत नसेल तर कॉम्प्रेसर जाणार. तोवर कॉम्प्रेसरवर ओलं गोणपाट टाका, दर उन्हाळ्याआधी गॅस भरून घ्या आणि मागच्या बाजूला घरच्यांनी हात लावू नका. खाली 'सर्वांना पाठवा' आहेच.

आधी गॅसचं बघू, कारण पैसे तिथेच जातात. फ्रिजमधला गॅस खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, आणि गळती असली की आधी कूलिंग पडतं: दूध नासतं, बर्फ धरत नाही. बर्फ नेहमीसारखा धरतोय आणि फक्त आवाज वाढलाय, तर गॅसचा विषय काढायचं कारणच नाही. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर गळती तशीच ठेवून तुमच्याकडून दरवर्षी पैसे घेतले जाताहेत. नीट काम करणारा मेकॅनिक गळती शोधतो, बुजवतो, फिल्टर बदलतो, व्हॅक्यूम मारतो, म्हणजे पंपाने नळ्यांमधली हवा ओढून काढतो, आणि मग वजन करून गॅस सोडतो. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये तो शंभर ग्रॅमही नसतो, त्यामुळे अंदाजपंचे भरून चालत नाही. शिवाय तो पेट घेणारा वायू आहे. हे काम घरी करायचं नाही, इथे मेसेजशी माझं भांडण नाही.

बुडबुडीचं उत्तर एका ओळीचं आहे. कॉम्प्रेसर थांबल्यावर गॅस नळ्यांमधून वाहत राहतो, त्याचा तो आवाज. मधूनच 'कट्‌' वाजतं ते गारठ्याने आक्रसणारं प्लास्टिक. दोन्ही नव्याकोऱ्या फ्रिजमध्येही ऐकू येतात.

आता खरी घरघर. नो-फ्रॉस्ट, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड एक छोटा पंखा असतो. तिथे बर्फ वाढला की पाती त्याला घासतात आणि खर्र-खर्र सुरू होतं. घरातल्या माणसाला वाटतं, कॉम्प्रेसर बोलतोय. ओळखायला काही लागत नाही. बहुतेक फ्रिजमध्ये दार उघडलं की हा पंखा थांबतो. दार उघडल्याबरोबर आवाज गेला, तर उघड्या दारातच चौकटीवरचं बटण बोटाने दाबून धरा. खरखर परत सुरू झाली की चोर सापडला. मग फ्रिज रिकामा करायचा, प्लग काढायचा, दारं उघडी टाकायची, खाली जुनी फडकी अंथरायची आणि पूर्ण दिवस जाऊ द्यायचा. चाकूने किंवा उलथन्याने बर्फ खरवडायचा नाही. ॲल्युमिनियमच्या नळीला टोक लागलं तर मेसेजमधलं भोक खरोखर पडेल, तेही आपल्याच हाताने.

आपल्याकडे या बर्फाचं एक खास कारण असतं, ते म्हणजे कूलर. बाहेर हवा कोरडीठाक असली तरी कूलरसमोरची हवा दमट असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाहुणे आले, रसाचं पातेलं दहा वेळा आत-बाहेर झालं, की प्रत्येक वेळी ती दमट हवा आत जाऊन गोठते. कूलरचा झोत फ्रिजवरून वळवा आणि दाराचं रबर पुसा. रबरात कागदाची पट्टी धरून ओढा. ती सहज सुटली तर तिथून हवा शिरतेय. एवढं करूनही थोड्याच दिवसांत पुन्हा बर्फ साचला, तर बहुधा डिफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवणारा हीटर किंवा त्याचा सेन्सर बिघडलाय. तिथे मेकॅनिक लागेल, पण गॅस लागणार नाही.

फ्रिज बंदच होत नाही, या मुद्द्यावर लोक सगळ्यात जास्त घाबरतात. आतल्या लेबलवर क्लायमेट क्लास, म्हणजे फ्रिज किती गरम हवेसाठी बनवलाय ते, लिहिलेला असतो. त्यात 'टी' म्हणजे ट्रॉपिकल, आणि त्याची मर्यादा भोवतालच्या ४३ अंशांपर्यंत. भुसावळचा मे महिना ही मर्यादा कितीदा ओलांडतो ते भुसावळकरांना सांगायला नको. अशा दुपारी कॉम्प्रेसर तासन्‌तास चालणारच. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर तर बनवलेलाच कमी-जास्त वेगाने सतत चालण्यासाठी. आवाजाची पट्टी बदलते ती वेग बदलतो म्हणून.

ओल्या गोणपाटाचा सल्ला वाचून मात्र हसावं की रडावं कळत नाही. माठाला ओलं फडकं गुंडाळतात तसंच हे कुणाला तरी सुचलं असणार. पण माठाला करंट नसतो. कॉम्प्रेसरच्या अंगालाच रिले (त्याला सुरू करून देणारा भाग), ओव्हरलोड (जास्त ताण आला की करंट तोडणारा भाग) आणि वायरींची टोकं असतात. तिथे पाणी म्हणजे शॉक आणि गंज. कॉम्प्रेसर हात टेकवत नाही इतका तापतोच. त्याला पाणी नको, मोकळी हवा हवी.

आणि मागे हात लावू नका म्हणे! प्लग काढा आणि खुशाल लावा. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. जुन्या फ्रिजची काळी जाळी कोरड्या ब्रशने झाडा. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या आसपास राहत असाल तर धुळीबरोबर कापसाचा तूसही निघेल. नव्यांना जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्याआड असते, म्हणून पत्रा गरम लागतो. मग प्लग लावून, कॉम्प्रेसर चालू असताना, मागचा पाण्याचा ट्रे वरून दाबून बघा, कारण खडखड बऱ्याचदा त्याचीच निघते. फ्रिज हलका हलवा. डुलला तर पुढचे पाय फिरवून टेकवा, पुढची बाजू किंचित उंच राहू द्या. तांब्याच्या दोन नळ्या एकमेकींना लागून वाजत असतील तर प्लग काढून मध्ये रबराचा तुकडा सरकवा. नळी वाकवू नका.

एका आवाजाकडे मात्र दुर्लक्ष करू नका: 'हूंऽऽ', थोड्या वेळात 'टक', काही मिनिटं शांतता, पुन्हा 'हूंऽऽ'. म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघतोय आणि ओव्हरलोड त्याला तोडतोय. शेतातले पंप चालू असताना गावात व्होल्टेज पडतं तेव्हाच हे होत असेल, तर दोष लाइनचा आहे. मीटरवर २३०च्या जागी १७० दिसलं की फ्रिज बंद ठेवा आणि स्टॅबिलायझर बघा. व्होल्टेज ठीक असूनही तेच होत असेल तर मेकॅनिकला आधी रिले काढून हलवायला सांगा. बऱ्याच फ्रिजमध्ये त्यात एक चकती असते. ती फुटली की खुळखुळ वाजते, आणि तो सुटा भाग कॉम्प्रेसरच्या मानाने किरकोळ पैशांत येतो. रिले चांगला निघाला तर मात्र कॉम्प्रेसरचं बोलणं काढावं लागेल. फोनवर 'गॅस भरायचाय' असं सांगून त्याला बोलावू नका. आवाज कधी येतो, दार उघडल्यावर थांबतो का आणि बर्फ धरतो का, एवढं सांगा.