पगार, समाधान आणि उमेद : एका आक्षेपाला उत्तर

महोदय,

शिक्षकांच्या मनोधैर्यावरील माझ्या लेखावर आपला आक्षेप थोडक्यात असा आहे : वेतन आयोगाचा पगार घेणाऱ्यांच्या मनोधैर्याची चिंता कशाला? इंडोनेशियात शिक्षकांचे वेतन दुप्पट झाले, शिक्षक खूश झाले, मुलांच्या अभ्यासात मात्र काडीचा फरक पडला नाही. तेव्हा मनोधैर्याचा संबंध निकालाशी जोडणे ही संघटनांची भाषा आहे.

इंडोनेशियाचा दाखला खरा आहे आणि तो मी लेखातच द्यायला हवा होता. तिथल्या २००५च्या कायद्याने प्रमाणित शिक्षकांना मूळ वेतनाइतका भत्ता मिळू लागला. सुमारे ३६० शाळा घेऊन, त्यांतल्या काही शाळांमध्ये हा भत्ता आधी देऊन इतरांशी तुलना केली, तेव्हा शिक्षकांचे समाधान वाढलेले आणि जोडधंदे कमी झालेले दिसले. मुलांचे गुण मात्र जागच्या जागीच होते. समाधान आणि मनोधैर्य हे शब्द मी एकाच अर्थाने वापरले, ही माझी चूक. पण या प्रयोगातून पगार आणि शिकणे यांचे नाते कळते. वर्गात उभे राहण्याची उमेद कशाने टिकते, याचे उत्तर त्यात नाही.

ती उमेद कुठे कामी येते, हे मी द्विशिक्षकी शाळेत पाहिले आहे. तिसरीतल्या एका मुलाने ५२ वजा २७ बरोबर ३५ असे लिहिले होते. वरवर पाहता हा निष्काळजीपणा; प्रत्यक्षात तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होता, म्हणजे नियमाने चुकत होता. फुली मारायला क्षणही लागत नाही. बाईंनी मात्र काड्यांचे गठ्ठे काढले, एक दशक सोडून दाखवला आणि त्याच्याकडून तीच वजाबाकी चारदा करून घेतली. त्या दिवशी त्यांच्याकडे वेळ होता. त्याच बाईंनी, ‘माहिती आजच्या आज भरा’ असा निरोप आल्यावर आणि जोडशिक्षक बैठकीला गेल्यामुळे चारही वर्ग अंगावर असताना, वह्यांवर नुसत्या सह्या केल्याचेही मी पाहिले आहे. पगार दोन्ही दिवशी तोच होता.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात. या यादीबाहेरचे काम महिनोन्‌महिने येत राहिले, की शिकवणे हेच दुय्यम काम आहे असा संदेश शिक्षकापर्यंत पोहोचतो आणि काही वर्षांत तोही तसेच मानू लागतो. मनोधैर्य खचणे म्हणतो ते हेच.

शिक्षणसेवक तुटपुंज्या मानधनातही जीव तोडून शिकवतात, हा आपला मुद्दा मला मान्य आहे, जरी २०२३पर्यंत प्राथमिक शाळेत महिना ६,००० रुपयांवर त्यांना राबवणे लाजिरवाणे होते (आता ते १६,००० आहे). त्यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण त्यांची उमेदही पगारातून आलेली नाही. भरपूर वेळ मिळूनही न शिकवणारे शिक्षक मलाही ठाऊक आहेत. त्यांच्यावरचा उपाय पर्यवेक्षणाचा आहे आणि तिथे आपले माझे भांडण नाही.

एक शंका आपण घेतली नाहीत, पण घ्यायला हवी होती : मुले शिकू लागली म्हणून तर शिक्षकाला उमेद येत नसेल? बऱ्याच अंशी येते. त्या मुलाचे उत्तर २५ आले, तेव्हा बाईंनी मधल्या सुट्टीत मला मुद्दाम बोलावून वही दाखवली होती आणि दुसऱ्या दिवशी काड्यांचे आणखी दहा गठ्ठे बांधून आणले होते.