बोर्डीला निवांत व्हा, पण वेळेत

निवांत वीकेंड असाच होत नाही. त्यासाठी आधी महिनाभर धावपळ करावी लागते. पहिलं काम व्हॉट्सॲप ग्रुपचं. त्याला 'स्लो वीकेंड' असं नाव द्या आणि रात्री साडेबाराला त्यावर एक्सेल शीट टाका. शीटमध्ये शनिवारी सकाळी ७.२५ ते ७.४० 'काहीही न करणे' असा रकाना हवाच. कुणी 'नाश्ता कुठे?' विचारलं तर त्याला ताबडतोब समजवा की आपण तिथे काही ठरवून करायला चाललेलो नाही.

वाइनसाठी नाशिक नको. तिथे सगळेच जातात, आणि नाशिकला समुद्र नाही ही त्या शहराची चूक तुम्ही किती दिवस पोटात घालणार? किनारा आणि वाइन एकाच ठिकाणी हवी तर तसा मुलूख पोर्तुगालात आहे, कॅलिफोर्नियात आहे आणि आपल्या पालघर जिल्ह्यात बोर्डीलाही आहे. पहिल्या दोन ठिकाणी जायला व्हिसा लागतो. तिसऱ्यासाठी घोडबंदरजवळचा वर्सोवा पूल ओलांडावा लागतो, त्याला साधारण तेवढाच वेळ जातो.

लोकलचा विचारही करू नका. २०१३पासून विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावते, तिथून घोलवड-बोर्डी फार लांब नाही. पण लोकलने गेलात तर वेळेत पोहोचाल, मग सोमवारी सांगायला काय उरणार? गाडीच काढा, तीही शुक्रवारी संध्याकाळी सहाला. उरलेली मुंबईही तेव्हाच काढते, सोबत होते.

आता वाइन. इथे द्राक्षं नाहीत, चिकू आहे. वाइनवाल्यांना जमिनीचा गुण लागतो, तो इथे सरकारी शिक्क्यासकट मिळतो: डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि इथल्या मातीतल्या कॅल्शियममुळे गोडी वेगळी, असं बागायतदार सांगतात. बोर्डीच्या हिल झिल वायनरीने या चिकूची फसफसणारी वाइन केली. ती चाखताना एकच पथ्य पाळा. ग्लास तिरका धरा, नाक आत घाला, डोळे मिटा आणि मध म्हणा, दालचिनी म्हणा, जुनं सागवानी कपाट म्हणा. पण चिकू म्हणू नका. चिकूच्या वाइनला चिकूचा वास येतो असं म्हणणारा माणूस पुढच्या सहलीच्या ग्रुपमध्ये नसतो.

वारा फिरला की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येईल. त्याला 'सागरी छटा' म्हणा. याच किनाऱ्यावर वर्षानुवर्षं ताडीही आहे, पण तिला ग्लासात घोळवून कुणी हुंगत नाही. तिचा वास स्वतःहून भेटायला येतो. शिवाय ताडीबरोबर फोटो काढला तर लोक काळजीने फोन करतात.

सासूबाई सोबत येणार असतील तर थोडी पूर्वतयारी करा. जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य महाराष्ट्रभर पाठ झालं होतं. ते वापरून पाहा. नाहीच पटलं तर परवाना दाखवा. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्याकडे प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो आणि तो चक्क आरोग्य राखण्यासाठी दिलेला असतो. त्यातला 'आरोग्य' एवढाच शब्द मोठ्याने वाचा.

समुद्राने मात्र तुमची शीट उघडलेली नसते. बोर्डीचा किनारा इतका सपाट, की ओहोटीला पाणी पार दूर जातं. '६.१० : सूर्यास्त, ग्लास, पायाशी लाटा' असं लिहून आलेला गृहस्थ ६.१०ला ओल्या वाळूच्या मैदानात उभा असतो, आणि लाटा कुठे आहेत हे बायको झूम करून शोधत असते. किनाऱ्यावरच्या माणसाला हे गणित तोंडपाठ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. म्हणजे सूर्यास्ताला लाटा हव्यात तर अष्टमीच्या आसपास या. पण अष्टमीची भरती भांगाची, तेव्हा पाणी वर यायलाच कंटाळतं. खरं उधाण अमावास्या-पौर्णिमेचं, ते येतं भर दुपारी बाराच्या सुमारास, नाहीतर मध्यरात्री. सूर्यास्त आणि उधाण दोन्ही एकाच फोटोत मिळायची सोय निसर्गाने केलेली नाही. त्याबद्दल रिसॉर्टला एक स्टार कमी द्या. आणि तिथी बघून रजा टाकायची झालीच, तर कंपनीच्या पोर्टलवर 'अष्टमी' असं कारण सापडणार नाही, 'वैयक्तिक' निवडा.

जवळच बारडचा डोंगर आहे. संजाण या पारशांच्या जुन्या वस्तीवर हल्ला झाला तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, या डोंगरावरच्या बहरोट लेण्यांत आणला आणि बारा वर्षं इथे जपला, असं परंपरा सांगते. तुमच्या शीटमध्ये बहरोटला पन्नास मिनिटं आहेत, चढण धरून. तेवढ्यात वर पोहोचणं होत नाही, तेव्हा पायथ्याशी वर बोट दाखवतानाचा फोटो घ्या आणि खाली 'थांबायला शिकलो' असं लिहा.

मग कुणीतरी म्हणेलच, एवढं आलोय तर उदवाडा करून येऊ. तोच अग्नी १७४२पासून तिथे आहे, पारशी जेवणही फक्कड मिळतं. जरूर जा. एवढंच लक्षात असू द्या, की बोर्डी संपली की गुजरात सुरू होतो, आणि ते राज्य १९६०मध्ये जन्माला आलं तेव्हापासून तिथे दारूबंदी आहे. सकाळी वायनरीतून घेतलेल्या सहा बाटल्या तुमच्या डिकीत किणकिणताहेत. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य सीमेपलीकडे चालत नाही. उदवाड्याच्या आतशबेहराममध्ये, म्हणजे त्या अग्निमंदिरात, पारशांखेरीज कुणाला प्रवेश नाही. पोलीस चौकीत सर्वधर्मीयांना आहे.

परतताना एखाद्या वाडीत शिरून झाडावरचा चिकू तोडून तिथेच खाण्याची हौस भागवा. फोटो चावण्याआधी काढा. झाडावरचा चिकू टणक असतो, कापला की पांढरा चीक गळतो, तो ओठांना चिकटतो आणि जीभ अशी आखडते की घोडबंदरपर्यंत गाडीत कुणी बोलत नाही. ही शांतता पॅकेजमध्ये धरलेली नसते, वर मिळते.

वाडीवाला हसेल, 'अहो, चार-पाच दिवस ठेवा, मग खा,' म्हणेल. त्याच्याकडून दहा किलोची पेटी घ्या. घरी आल्यावर रोज सकाळी प्रत्येक चिकू दाबून बघा. बुधवारपर्यंत एकही हलत नाही. गुरुवारी सगळे एकदम पिकतात. गुरुवारी तुमचं प्रेझेंटेशन असतं. मग रात्री दहाला पिशव्या भरून सोसायटीत दारोदार फिरा आणि प्रत्येक दारात घोलवडची माती, मानांकन, कॅल्शियम सगळं नीट सांगा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू शांतपणे ऐकून घेतील, एक चिकू दाबून बघतील आणि विचारतील, "दादरला घेतलेस का रे? काय भाव लावला?"