‘सलमानची आई’ म्हणे!

आज दुपारी जेवताना भाचीने मोबाईल नाकासमोर धरला. “मावशी, ही बघ तुझी रीमा लागू.” रील होतं. मागे रडकं व्हायोलिन, पुढे चार सिनेमांतले चार फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘बॉलिवूडची लाडकी आई’. चाळीस सेकंदांत बाई संपल्या!

मी काहीतरी बोलले असेन, कारण भाची म्हणाली, “मग चुकलं काय त्यात? सलमानची आईच ना ती?”

भांडी तशीच सिंकमध्ये टाकून लिहायला बसलेय.

८४ की ८५ साल असेल. आई बँकेत कॅशला होती. पगाराच्या दिवशी तिने दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाची दोन तिकिटं काढली, ‘पुरुष’ची. बाबांना सांगितलं, कौटुंबिक नाटक आहे. ज्यांना ‘पुरुष’ माहीत आहे त्यांनी आत्ता हसून घ्या. जयवंत दळवींचं नाटक, विजया मेहतांचं दिग्दर्शन, गुलाबरावाच्या भूमिकेत नाना पाटेकर. आणि अंबिका झालेली रीमा. बलात्कार झालेली, सगळ्यांनी वाऱ्यावर सोडलेली आणि शेवटी स्वतःच्या हाताने हिशेब चुकता करणारी शिक्षिका. पंचविशी नुकती ओलांडलेली ही मुलगी नानासमोर उभी राहायची आणि तसूभर हलायची नाही.

मध्यंतर झालं. शिवाजी मंदिरला जाऊन बटाटेवडा न खाता परत येणारी माणसं कुठल्या गावची असतात मला माहीत नाही, पण त्या दिवशी आई जागची उठली नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून बंद पडद्याकडे बघत राहिली. परतीच्या डोंबिवली लोकलमध्ये ठाणं गेलं तरी गप्प. मग एकदम म्हणाली, “ही उद्या सकाळी मस्टरवर सही करायला जाणार.”

कारण रीमा युनियन बँकेत होती. एक-दोन वर्षं नाही, दहाएक वर्षं. दिवसा नोकरी, मग तालीम, मग प्रयोग. वर बँकांच्या आपापसातल्या नाट्यस्पर्धाही करायची. माझी आईपण लग्नाआधी त्या स्पर्धांमध्ये उभी राहिली होती. एक प्रमाणपत्र आहे, अजून ट्रंकेत. तालमी रात्री दहापर्यंत चालतात म्हटल्यावर आमच्याकडे तो विषय कायमचा मिटला. म्हणून त्या लोकलमधल्या वाक्यात कौतुक किती आणि दुसरं काय काय किती, हे मला फार उशिरा कळलं.

आणि हे रीलवाले म्हणतात, १९८९ मध्ये ‘मैंने प्यार किया’ने तिचं नशीब उघडलं. नशीब? अरे, ती जन्मापासून रंगभूमीच्या घरातली. आई मंदाकिनी भडभडे, ‘लेकुरे उदंड जाली’ नाटकवाल्या. ही मूळची नयन भडभडे, पुण्याची, हुजूरपागा शाळेची. लहानपणी पडद्यावर ‘बेबी नयन’ म्हणून येऊन गेलेली. मग मुंबई, नाटकं, निहलानींचा ‘आक्रोश’, बेनेगलांचा ‘कलयुग’, दूरदर्शनवर ‘खानदान’. एवढं सगळं झाल्यावर सलमान आला बरं का.

मला खरा राग येतो तो वयाचा. ‘कयामत से कयामत तक’ आला १९८८ मध्ये, जूही चावलाची आई झाली तेव्हा हिची तिशीही पुरी नव्हती. सलमानपेक्षा साडेसात वर्षांनी मोठी. ‘वास्तव’मध्ये संजय दत्तची आई, आणि दोघांच्या वयात अंतर जेमतेम तेरा महिन्यांचं! चाळिशीचा बाप्या हिरो, त्याच्याच वयाची बाई त्याची माउली. हे कुणाला विचित्र वाटलं नाही. फिल्मफेअरची नामांकनं चार वेळा दिली, बाहुली एकदाही दिली नाही.

हो, मान्य. त्या भूमिका नसत्या तर भोपाळ-पाटण्याच्या घरांत तिला कोण ओळखणार होतं? आणि तिने त्या केल्याही अशा की खोकणारी, शिलाई मशीनवर डोळे फोडणारी आई पडद्यावरून हद्दपार झाली. तिने रंगवलेली आई हसायची, मुलाच्या भानगडीत सामील असायची. ‘वास्तव’चा शेवट तर मी अजून सलग बघू शकत नाही. ठीक आहे, भाची तेवढ्यापुरती बरोबर.

आणि १९९४ मध्ये टीव्हीवर काय धमाल केली बाईने! ‘श्रीमान श्रीमती’ची कोकिळा, तिकडे ‘तू तू मैं मैं’मधली सासू. सून झालेली सुप्रिया पिळगावकर हिच्याहून फक्त नऊ वर्षांनी लहान. छत्तिसाव्या वर्षी सासू, तीही अशी की आमच्या चाळीत ती मालिका लागली की खऱ्या सासवा-सुना भांडण अर्ध्यावर सोडून टीव्हीपुढे बसायच्या. हसवण्याचं ते टायमिंग नाटकातूनच आलेलं. समोर प्रेक्षक नसतानाही तिला हशा कुठे पडणार हे कळायचं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मध्येच आईला फोन केला. चौऱ्याऐंशीची आहे आता, गुडघे सोडले तर ठणठणीत. विचारलं, “‘पुरुष’ आठवतं का गं?”

“न आठवायला काय झालं? बाल्कनीत होतो. पहिली रांग.”

“तू मध्यंतरात उठली नव्हतीस.”

जरा वेळ गप्प. मग म्हणाली, “आणि तू वडा मिळाला नाही म्हणून कल्याणपर्यंत तोंड फुगवून बसली होतीस.”

कल्याण कुठून आलं? आम्ही डोंबिवलीलाच उतरलो होतो.