"नर म्हणून मादी विकली" या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू आम्ही सगळ्यांनी वाचला. तुमची तक्रार अशी: आमच्याकडून क्लाउनफिशची जोडी घेतली, त्यातली मोठी मादी टँकबाहेर उडी मारून गेली. काही महिन्यांनी उरलेल्या नरासाठी तुम्ही दुसऱ्या दुकानातून चांगली मोठी मादी आणली, आणि आमच्या 'नरा'ने तिचे पर कुरतडून तिला दोन दिवसांत मारलं. म्हणजे आम्ही दोन्ही माद्याच दिल्या, आणि जाब विचारल्यावर काउंटरवरच्या मुलाने "नराची मादी झाली असेल" अशी थाप मारली.

मासा गेल्याचं आम्हालाही खूप वाईट वाटतं. पण त्या मुलाने थाप मारलेली नाही. तो म्हणाला ते अक्षरशः खरं आहे.

क्लाउनफिशचं पिल्लू जन्मतः नर किंवा मादी असं ठरलेलं नसतं. समुद्रात एका अ‍ॅनिमोनवर, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यावर, यांचा लहानसा गट राहतो. सगळ्यांत मोठी ती मादी, तिच्याखालचा नर, आणि बाकीची पिल्लं प्रजननात नसतात. मादी गेली की नर वाढू लागतो आणि मादी होतो. मग पिल्लांतलं सगळ्यांत मोठं पिल्लू नराची जागा घेतं. नराच्या शरीरात अंडाशयाचा भाग आधीपासून असतो, फक्त वाढलेला नसतो. वरची मादी नाहीशी झाली की तो वाढतो आणि वृषणाचा भाग जिरून जातो. वागणं आधी बदलतं, अंडी घालण्याइतकं शरीर तयार व्हायला मात्र महिने लागतात. आणि एकदा मादी झाली की तिचा पुन्हा नर होत नाही. हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी 1977 मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात हे मांडलं, म्हणजे दुकानदारांनी शोधलेली ही सबब नाही.

तुमचा मासा काही महिने एकटा होता. त्याच्यावर दादागिरी करणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून तो मादी होण्याच्या वाटेला लागला. अशा वेळी त्याच्या घरात दुसरी पूर्ण वाढलेली मादी सोडली की दोघींपैकी एकच टिकते. घेतला तेव्हा तो नरच होता.

"दुसरा मासा वाढतच नव्हता, आजारी माल दिला" असंही तुम्ही लिहिलंय. तो आजारी नव्हता. पापुआ न्यू गिनीतल्या क्लाउनफिशवर संशोधक पीटर बस्टन यांनी 2003 मध्ये दाखवलं की खालच्या क्रमांकाचा मासा स्वतःची वाढ आवरून धरतो, वरच्याशी ठरावीक अंतर राखतो. अंतर कमी झालं तर भांडण पेटतं आणि त्याला गटाबाहेर हाकललं जातं. लहान राहणं हाच त्याचा बचाव असतो. म्हणूनच कोणी "एक नर, एक मादी द्या" म्हणालं तर आम्ही दोन लहान पिल्लं देतो आणि मोठी कोण होते ते त्यांच्यावर सोडतो.

तुमच्या टँकमध्ये लायरटेल अँथिआस हे मासेही आहेत, म्हणून एक सांगून ठेवतो. त्यांचं गणित बरोबर उलटं. नारिंगी माद्यांच्या थव्यात जांभळट नर मेला, तर एक मादी काही आठवड्यांत नर होते. संशोधक फिशेलसन यांनी 1970 मध्येच ते नोंदवलंय. तेव्हा नवा नर आणायची घाई करू नका.

रिव्ह्यू राहू द्या, स्टारही राहू द्या. फक्त आमच्या मुलाबद्दलचा 'खोटारडा' हा शब्द तेवढा काढा, ही कळकळीची विनंती. तो हे मासे रोज हाताळतो आणि ग्राहकाला समजेपर्यंत समजावतो.

आता उरलेल्या मादीला जोडीदार हवा असेल तर तिच्या निम्म्याहून लहान पिल्लू घ्या. येताना तिचा फोटो आणा, आकार पाहून आम्ही निवडून देऊ. टँकच्या आत ठेवायची भोकांची पेटीही आमच्याकडची न्या, पैसे नकोत. पिल्लू काही दिवस त्या पेटीत, तिला दिसेल असं ठेवा. बाहेर सोडल्यावर ते तिच्यासमोर कुशीवर वळून थरथरलं तर घाबरू नका, ती शरणागती आहे, जोडी जमतेय. कोपऱ्यात दडून बसलं किंवा पर फाटलेले दिसले, तर लगेच परत पेटीत घ्या आणि आम्हाला फोन करा.