पहारेकऱ्याची पाठ

स्टेल्थ गेम, म्हणजे लपतछपत खेळायचा व्हिडिओ गेम, खेळणाऱ्याला पहारेकऱ्याचं तोंड फारसं दिसत नाही. दिसतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. एरवी समोर असते ती त्याची पाठ. खोक्यामागे ओणवं बसायचं आणि पाठ बघायची. पाठ डावीकडे गेली, कोपऱ्यावर थांबली, तिनं जांभई दिली, परत फिरली. दुसऱ्यांच्या पडद्यावर ड्रॅगन मरतात, गाड्या उडतात. आपल्या पडद्यावर एक गडी भिंतीकडे तोंड करून उभा आहे आणि आपण श्वास रोखून त्याची सोबत करतोय. मागून जाणाऱ्या घरच्या माणसाला वाटतं, कॉम्प्युटर हँग झाला. आपण मानही वळवत नाही, कारण गार्ड वळायची वेळ झालेली असते. हा छळ फुकटही मिळत नाही, रोख पैसे मोजून घ्यावा लागतो.

या खेळांची चर्चा निघाली की लोक विचारतात, 'हार्डवर खेळलास का?', म्हणजे कठीण पातळीवर. माझं म्हणणं असं, की या जातीच्या गेममध्ये हार्ड म्हणजे काय याचाच आधी पत्ता नसतो. गार्डला गरुडाचे डोळे दिले की गेम कठीण होत नाही, नुसता खडूस होतो. खरी परीक्षा गार्डनं पाहिल्यानंतरच्या पंधरा-वीस सेकंदांत असते. तिथे डिझायनरनं तुमच्यासाठी काय ठेवलंय, त्यावर ठरतं तुम्ही पुन्हा खोक्यामागे जाऊन बसणार की माउस आपटणार.

आधी गार्डच्या डोळ्यांचं गणित. त्याच्या नाकासमोर नजरेचा एक शंकू असतो. 1998 साली स्पेनच्या पायरो स्टुडिओजनं दुसऱ्या महायुद्धावरच्या 'कमांडोज'मध्ये हा शंकू चक्क जमिनीवर हिरव्या रंगात काढून दाखवला. त्यात दोन पट्टे. जवळच्या पट्ट्यात पाऊल पडलं की संपलं. लांबच्या पट्ट्यातून सरपटत गेलं तर चालतं, उभं राहिलं की बोंब. मेख अशी, की एका वेळी एकाच जर्मनाचा शंकू बघता येतो. त्यामुळे ज्याचा बघत असता तो भला माणूस निघतो आणि गोळी दुसराच घालतो.

त्याच वर्षी लुकिंग ग्लास स्टुडिओजचा 'थीफ' आला. तिथे शंकू दाखवायचा प्रश्नच नाही. पडद्याच्या तळाशी एक रत्न असतं. तुम्ही उजेडात असाल तर ते झळकतं, अंधारात काळं पडतं. गार्डला मात्र आतून एक सोडून अनेक शंकू दिलेले. समोरचा अरुंद आणि लांबवर जाणारा, बाजूंचा रुंद पण आखूड, आणि एक छोटासा पाठीमागेही. मागे कोणीतरी उभं आहे असं माणसाला उगाच वाटतं ना, ते वाटणंसुद्धा त्यांनी कोडमध्ये बसवलं होतं. शिवाय शंकूत शिरल्या शिरल्या गार्ड ओरडत नाही. उजेड किती, तुम्ही हलताय किती, किती अंग दिसतंय, यांचा हिशोब होऊन संशय हळूहळू चढतो. नवखा माणूस नेमका इथे मार खातो. रत्न थोडं उजळलं की तो घाबरून पळतो, आणि पळाल्यानं संशय आणखी वेगानं चढतो. तिथे गोठून राहायचं असतं.

डोळ्यांनंतर कान. गालिचा, गवत, माती यांवर पाय वाजत नाहीत. लाकडावर थोडे वाजतात. फरशी आणि लोखंडी जाळी यांवर मात्र रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्याचं झाकण पडावं तसा प्रकार होतो. त्यावर उतारा म्हणून शेवाळाचे बाण मिळतात. जमिनीवर मारले की तेवढ्या जागी मऊ गादी. मशाली विझवायला पाण्याचे बाण. दोन्ही मोजकेच, आणि एका मोहिमेतून उरलेला पैसा पुढच्या मोहिमेला नेता येत नाही. म्हणजे काटकसर करून उपयोग नाही आणि उधळपट्टी केली तर शेवटच्या दालनात नेमकी सगळ्यात लांब फरशी. नकाशा काढणाऱ्यानं ती फरशी कुठे घालायची हे झोप सोडून ठरवलेलं असतं.

गार्डांच्या बावळटपणावर विनोद करणं हा आमचा कुटिरोद्योग आहे. समोर सहकारी आडवा पडलाय, आणि हा पंधरा सेकंद कंदील फिरवून म्हणतो, 'उंदीर असेल'. पण तो स्वतःशी मोठ्यानं बोलतो ते वेड लागल्यामुळे नव्हे. गार्डच्या डोक्यात काय चाललंय हे कळायला आपल्याकडे दुसरा मार्गच नाही. 'कोण आहे तिकडे?' म्हणजे संशय, 'बाहेर ये!' म्हणजे शोध, 'उंदीर असेल' म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर. तो गप्प राहता तर आपण अंधारात नुसते तर्क करत बसलो असतो. आणि त्याची स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यासारखी असती तर पहिल्या उंदरानंतर सगळा वाडा रात्रभर जागा राहिला असता. विसराळूपणा ही त्याची नोकरीची अट आहे.

इथे कामाचं एक सांगून ठेवतो. 'उंदीर असेल' ऐकू आलं की लगेच उठायचं नाही. तो आता नेहमीच्या फेरीवर परत जातो, पण जाण्याचा रस्ता नेहमीचा नसतो. शोधाच्या जागेवरून तो फेरीच्या एखाद्या खुणेकडे सरळ निघतो, आणि ती सरळ रेषा फार वेळा तुमच्या खोक्यावरून जाते. त्याला फेरीत मिसळू द्या, एक अख्खी फेरी बघा, तो कुठे थांबतो आणि किती थांबतो ते मनात मोजा. थांबून पाठ वळली की निघायचं. तो चालत असताना मागे मागे जायची हौस बहुतेकदा अंगाशी येते, कारण त्याच्या मागे कोण येतंय हे तुम्ही पाहिलेलं नसतं.

आता आमच्या पिढीचा जुना घाव: 'प्रोजेक्ट आयजीआय'. साल 2000, बनवणारे नॉर्वेचे इनरलूप स्टुडिओज. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत हा गेम नाही असा कॉम्प्युटर शोधून सापडायचा नाही. नायकाचं नाव डेव्हिड जोन्स, मोहिमा 14, आणि मोहिमेच्या मध्ये सेव्ह करायची सोय शून्य. याच लोकांनी आधी लढाऊ विमानाचा सिम्युलेटर केला होता आणि तेच इंजिन, म्हणजे गेमचा मूळ सांगाडा, इथे वापरलं, म्हणून जमीन अफाट. दुर्बीण लावा, उपग्रहाच्या नकाशावर तळ बघा, कुंपणाला वळसा घाला, कॉम्प्युटर गाठून कॅमेरे बंद करा. हे सगळं नेटकं जमून गेलं, आणि शेवटच्या इमारतीच्या जिन्यावर कोणीतरी भोंगा वाजवला, की बराकीतून शिपाई यायला लागतात. येतच राहतात. त्या एवढ्याशा बराकीत इतकी माणसं झोपत कुठे होती, हा प्रश्न पंचवीस वर्षं अनुत्तरित आहे. मेलात की थेट सुरुवातीच्या कुंपणापाशी, आणि तोवर कॅफेवाल्याचा तास भरत आलेला.

हा कठीणपणा की छळ? माझं मत: दोन्ही, पण वेगवेगळ्या कारणांनी. अफाट मैदान आणि मोजून आखलेली वाट हा कठीणपणा. अर्ध्या तासाचं चोख काम एका न दिसलेल्या शिपायापायी धुऊन जाणं हा छळ. 2003 च्या दुसऱ्या भागात त्यांनी मोजके सेव्ह दिले आणि बऱ्याच जणांचा रक्तदाब ताळ्यावर आला.

सेव्ह अमर्याद दिले तरी पंचाईत संपत नाही. मग माणूस दर तीन पावलांना एफ-फाइव्ह दाबून सेव्ह करतो, चुकला की एफ-नाइन दाबून तिथेच परत येतो, आणि लपणं राहतं बाजूला. जर्मनीच्या मिमिमी गेम्सनं 2016 च्या 'शॅडो टॅक्टिक्स'मध्ये यावर सरळ शरणागती पत्करली. शेवटचा सेव्ह करून किती वेळ झाला हे गेम स्वतःच पडद्यावर दाखवतो आणि मिनिटभरात आठवण करून देतो. तुम्ही तेच करणार, मग लाज कशाला, असा रोखठोक मामला. मी याच्या बाजूचा आहे. फक्त दोन पथ्यं पाळा. कुठल्याही गार्डचा संशय अर्धवट चढलेला असताना सेव्ह करू नका. लोड केल्यावर तो तिथूनच पुढे चढतो आणि तुम्ही कायमचे पकडले जाण्याच्या एक सेकंद आधी अडकता. आणि नव्या दालनात शिरण्याआधी एक सेव्ह वेगळ्या जागेवर ठेवा, कारण क्विकसेव्ह, म्हणजे एका बटणाचा झटपट सेव्ह, आधीच्या क्विकसेव्हवरच स्वतःला लिहून टाकतो.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे 2014 चा 'एलियन: आयसोलेशन'. सेव्ह करायला भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालायचं आणि एकेक करून तीन दिवे लागेपर्यंत उभं राहायचं. त्या तीन दिव्यांत परग्रहवासी मागून शेपूट खुपसू शकतो. हालचाल दाखवणारं यंत्र हातात आहे, पण तो जवळ असला तर त्या यंत्राची पिकपिक त्यालाच ऐकू जाते. आणि कळस म्हणजे कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर, एक पर्याय होता: तो चालू केला की कॅमेऱ्याचा माइक तुमच्या खोलीतला खराखुरा आवाज ऐकतो आणि तो आवाज गेममध्ये पोचवतो. कपाटात लपून श्वास धरलेला असताना स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी होते, ही शक्यता गेम बनवणाऱ्या इंग्लंडच्या स्टुडिओनं तपासली असेल असं वाटत नाही.

पाहिल्यानंतरच्या त्या सेकंदांकडे परत येतो. सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे, 'दिसलात, मोहीम संपली.' एरवी मारामारीच्या असलेल्या गेममध्ये मध्येच घुसडलेल्या लपण्याच्या लेव्हल हमखास अशा असतात. 2018 च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये पत्रकार मेरी जेन बनून खोक्यांमागून जायचं ते प्रकरण घ्या. आत्तापर्यंत इमारतींवरून झोके घेणारा खेळाडू एकदम दबकत चालतो, आणि कोणी पाहिलं की पुन्हा मागच्या थांब्यापासून. शिकायला काही नाही, सावरायला काही नाही.

युबिसॉफ्टच्या 'स्प्लिंटर सेल'चा प्रवास यात बघण्यासारखा. 2002 च्या पहिल्या भागात तीन अलार्म झाले की मोहीम खलास. 2005 च्या 'केऑस थिअरी'त अलार्म झाला तरी खेळ चालू. गार्ड मात्र अंगात जाकिटं आणि डोक्यावर शिरस्त्राणं चढवून येतात, जास्त सावध होतात. चूक झाली, तिचं बिल आलं, पण दुकान उघडं आहे. त्याच भागात आणखी एक शहाणपण: आवाजाच्या पट्टीवर तुमच्या आवाजासोबत आजूबाजूचा गोंगाटही दाखवला. जनरेटर धडधडत असेल तर त्याच्या आडोशानं चालता येतं.

'मेटल गिअर सॉलिड फाइव्ह' (2015) तर तुमच्या सवयींवरच उठतो. सारखे डोक्यात नेम धरलेत, गार्ड हेल्मेट घालू लागतात. रात्रीच जायची खोड, त्यांना रात्री बघायचे चष्मे मिळतात. कोणी पाहिलं की काळ दोन-तीन सेकंद संथ होतो. तेवढ्यात त्याच्या डोक्यात बेशुद्धीची गोळी लागली तर बोभाटा होत नाही. ज्यांना हे फार सोपं वाटतं त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करावं. आणि फारच मरत असाल तर गेम तुम्हाला कोंबडीची टोपी देऊ करतो. ती घातली की गार्ड बघून हसतात आणि पहिले काही वेळा सोडून देतात. मदत पुरेपूर आणि अपमान मोफत.

मुंबईकरांसाठी खास यातना 2018 च्या 'हिटमॅन टू'मध्ये आहे. झोपडपट्टी, रेल्वे यार्ड, अर्धवट बांधलेला टॉवर. तीन सावजं, त्यातल्या एकाचा चेहरा सुरुवातीला कोणालाच ठाऊक नाही. आपला नायक म्हणजे डोक्याच्या मागे बारकोड छापलेला गोरापान टकला. तो न्हाव्याचे कपडे घालून वस्तरा हातात घेतो आणि अख्ख्या मोहल्ल्याला काही खटकत नाही. खटकतं फक्त ज्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका आहे त्यांना; ते त्या धंद्यातले जाणकार. त्यांच्याजवळून जायचं नाही, वळसा घालायचा किंवा झाडू मारायला लागायचं. बेशुद्ध माणसं कपाटात टाका, पण एका कपाटात दोनच मावतात. तिसरा बाहेर राहिला की सगळं बिंग त्याच्यापायी फुटतं. 'मास्टर' पातळीवर अख्ख्या मोहिमेत एकच सेव्ह, ठिपकेवाले जास्त, कॅमेरे जास्त, आणि रक्त सांडलं तर कपडे वापरायच्या लायकीचे राहत नाहीत. गार्डची नजर ताणण्यापेक्षा हे मला पटतं. शेवटच्या अटीनं तर तुम्हाला वेगळा विचार करायलाच लावला.

ही अक्कल 1998 च्या 'थीफ'लाच होती. तिथे 'एक्स्पर्ट' निवडलं की गार्ड अचानक पहिलवान होत नाहीत. कामांची यादी वाढते. जास्त ऐवज लुटा, आणि माणूस मारायचा नाही. नकाशा तोच, पण सोप्या पातळीवर ज्या खोल्यांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं त्यांत आता शिरावं लागतं, आणि तलवार म्यानात. खेळाडूंना तेही पुरलं नाही. त्यांनी 'घोस्ट' नावाची आपलीच पातळी काढली: गार्डनं तुम्हाला पाहता कामा नये की शोधायला निघता कामा नये. मग त्याच्याही वरची, जिच्यात लुटीचा माल सोडून हललेली प्रत्येक वस्तू होती तिथे ठेवायची, उघडलेली दारं लावायची, काही फोडायचं नाही. तिजोरी साफ करून झाली, गार्ड दोन हातांच्या अंतरावर उभा आहे, आणि हे लोक वापरून झालेली चावी परत ठेवायला सगळी फरशी पुन्हा तुडवत उलटे जातात.